नावं ठेवलेली गाडी

"आज ही गाडी नाकारलीत ना," बायको चपला घालता घालता म्हणाली, "तर उद्यापासून आईला तुम्ही पाठुंगळीला मारून न्यायचं."

 तपासनीस टॉर्चमध्ये नवे सेल घालत होते. टॉर्च, लोहचुंबक, पांढरा रुमाल आणि गाडीखाली पसरायला जुनं वर्तमानपत्र अशी सगळी आयुधं पिशवीत गेल्यावर त्यांनी पिशवीची चेन जोरात ओढली, आणि ती तुटली. चेन तुटल्याचा राग त्यांनी चेन बनवणाऱ्यावर काढला. बायकोने तो आपल्यावर काढला असं धरलं. अशा रीतीने घरातून बाहेर पडण्याआधीच तिघंही रागावलेली होती. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. त्या वॉकर धरून दारात उभ्या होत्या आणि रिकामी टॅक्सी दिसत नाही म्हणून रस्त्याकडे डोळे वटारून पाहत होत्या.

इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या चालवायच्या की बंद ठेवायच्या हे ठरवायचं, ही तपासनीसांची नोकरी. त्यांनी पाय ठेवला की लिफ्ट बहुधा बंदच होई. त्यामुळे शहरातली निम्मी माणसं त्यांच्या नावाने बोटं मोडत जिने चढत असत. तपासनीसांना त्याचं वाईट वाटत नसे. दोष असतोच, तो सापडत नाही तो शोधणाऱ्याचा आळस, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत ते घरीही पाळत. बायकोने नवीन पडदे लावले तर ते आधी पडद्याची दांडी हलवून बघत.

एरवी हे खपून गेलं असतं. पण सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पायाला सरळ पट्टी बसली. पाय वाकवायचा नाही, पण एक दिवसाआड व्यायामाच्या केंद्रात जायचं, असा हुकूम होता. न वाकणाऱ्या पायासकट टॅक्सीत बसणं म्हणजे कपाट जिन्यावरून नेण्यासारखं काम होतं. सासूबाईंना मागच्या सीटवर तिरकं सरकवावं लागे, आणि मग बायको पुढे बसून सगळ्या रस्ताभर मागे वळून आईचा पाय धरून ठेवी. सासूबाई जन्मभर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एका टॅक्सीवाल्याने त्यांच्याकडे बोट दाखवून "हे आधी उतरवून घ्या" असं म्हटलं, तेव्हापासून त्यांनी टॅक्सीवाल्यांशी बोलणं सोडलं होतं आणि ते सगळं बोलणं त्या घरी येऊन करत होत्या.

म्हणून जुनी का होईना, गाडी घ्यायची ठरली. त्यालाही आता बरेच महिने झाले होते. तपासनीसांनी एक गाडी कुत्र्याचा वास येतो म्हणून नाकारली. एकीचा मालक फार हसत होता, म्हणून ती सोडली. दुसरीचा मालक अजिबात हसत नव्हता, तेव्हा त्याच्याही मनात काहीतरी काळंबेरं असणार असं त्यांना वाटलं. जुनी गाडी विकणारा प्रत्येक माणूस लबाड असतो आणि त्याला आधी घाबरवून सोडावं लागतं, हा त्यांचा सिद्धांत होता. गाडी आवडली तरी ती आवडली नाही असंच म्हणायचं, आणि आवडली नाही तर गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचं.

आजच्या गाडीचे मालक होते भूल देणारे डॉक्टर. आता निवृत्त झाले होते. ठेंगणे, किडकिडीत आणि कमालीचे हळू बोलणारे. आयुष्यभर लोकांना झोपवल्यामुळे त्यांचा आवाज असा काही मऊ पडला होता, की पहिल्या वाक्यालाच तपासनीसांना जांभई आली आणि त्यामुळे ते आणखी चिडले.

डॉक्टरांनी गाडीवरचं कव्हर अगदी अलगद काढलं. गाडी जुनीच होती, करड्या रंगाची, डोळे मिटून पडल्यासारखी. ती त्यांनी नवी घेतली होती. बायको गेल्यावर फिरणं थांबलं आणि आता नजरही कमी झाली, म्हणून विकायची, एवढं त्यांनी सांगितलं. मग विचारण्याआधीच ते म्हणाले की मागे एक दार घासलं होतं, ते रंगवून घेतलंय, आणि दाराच्या खालच्या कडेला थोडा गंज आहे.

तपासनीस बायकोच्या कानाशी जाऊन म्हणाले, "बघितलंस? छोटे दोष आपणहून सांगतो, म्हणजे मोठे लपवता येतात."

"किंवा मग माणूस सरळ असेल," बायको म्हणाली.

"सरळ माणसं गाड्या विकत नाहीत."

तपासणी सुरू झाली. तपासनीसांनी पत्र्यावरून चुंबक फिरवलं, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर पाठ टेकून आत गेले. पांढऱ्या रुमालाने इंजिन पुसून तो रुमाल त्यांनी पुराव्यासारखा सगळ्यांना दाखवला. बॉनेट उघडून इंजिन थंड आहे ना ते हात लावून पाहिलं, कारण लबाड लोक आधीच गाडी गरम करून ठेवतात. गालिचा उचलून वास घेतला, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी वासावरून कळते म्हणून. बंपरवर उभं राहून उड्या मारल्या. आणि प्रत्येक गोष्टीनंतर ते शल्यचिकित्सकाने मान हलवावी तशी मान हलवत होते आणि मोठ्याने बोलत होते. गंज म्हणजे कॅन्सर, आत किती पसरलाय देव जाणे. दाराचा रंग वेगळा, म्हणजे गाडी आडवी झालेली आहे. टायर म्हणजे यमदूत.

खरं सांगायचं तर गाडी चांगली होती. तपासनीसांना ते बॉनेट उघडल्या उघडल्या कळलं होतं. इतकं निगुतीने सांभाळलेलं इंजिन त्यांनी कुठल्याच गाडीत पाहिलं नव्हतं. आणि म्हणूनच भाव पाडायचा तर आवाज चढवणं भाग होतं.

इकडे एक गोष्ट घडली, जी तपासनीसांच्या लक्षात आली नाही. सासूबाई उभ्या राहून कंटाळल्या होत्या. त्यांनी चालकाशेजारचं दार उघडलं, सीटखालचा दांडा ओढला आणि सीट मागे ढकलली. ती मागे जात गेली, जात गेली आणि पार मागे जाऊन थांबली. सासूबाई पाठमोऱ्या टेकल्या, वळल्या, आणि पाय, तो न वाकणारा पाय, सरळच्या सरळ आत गेला. कोणी धरला नाही, कोणी ढकलला नाही. त्यांनी दार लावून घेतलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं की त्या कुठल्यातरी समारंभाला निघाल्या आहेत.

बायकोने ते पाहिलं आणि पाय धरायला पुढे केलेला हात मागे घेतला. मग लगेच तिला नवऱ्याचा राग आला, कारण तो त्या वेळी सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहत होता.

"चालवून बघतो," तपासनीस म्हणाले.

ते चालकाच्या जागी बसले, बायको आणि डॉक्टर मांडीवर वॉकर घेऊन त्यांच्या मागे दाटीने. सासूबाईंना उतरायला सांगितलं, तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. गाडी आवाज न करता निघाली, पहिल्या वळणावर लोण्यासारखी वळली. त्यात बोलण्यासारखं काही सापडेना. मग तपासनीसांनी रस्ता मोकळा बघून एकदम ब्रेक दाबला. ब्रेक उत्तम लागला. सासूबाई पट्ट्यात अडकल्या, त्यांचा वॉकर मागून पुढे आला आणि तपासनीसांच्या डोक्यात बसला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन गुडघ्याचं झालंय. मानेचं करायचं राहिलंय असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

डोकं चोळत तपासनीसांनी हॉर्नवर मूठ हाणली. खरं तर नुसतं दाबून चाललं असतं, पण त्या मुठीत वॉकरचा राग होता. हॉर्न वाजला. चांगला खणखणीत वाजला. आणि वाजतच राहिला.

त्यांनी पुन्हा मूठ हाणली. हॉर्न वाजत होता. बायकोने मागून ओरडून विचारलं की बंद का करत नाही, त्यावर ते ओरडले की मी मजा म्हणून वाजवत नाहीये. तेवढ्यात पुढे सिग्नल लाल झाला आणि गाड्यांची रांग थांबली. तपासनीसांची गाडी एका पांढऱ्या गाडीच्या मागे उभी राहून एकसारखी बोंबलत होती. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. एका गॅलरीतून कोणीतरी ओल्या कपड्याचा पिळा हलवून काहीतरी म्हणालं. पांढऱ्या गाडीतला माणूस आरशातून बघत राहिला, मग खाली उतरला. चांगला दांडगा होता. तो येऊन काचेवर वाकला आणि सिग्नल लाल आहे हे तुला दिसत नाही का, असं त्याने विचारलं. तपासनीसांनी काच खाली करून सांगितलं की हॉर्न आपोआप वाजतोय. माणूस म्हणाला की मग माझाही हात आपोआप उठेल. तपासनीस दार उघडायला लागले. त्यांना आता कोणाशी तरी भांडायचंच होतं.

हे बघून सासूबाईंनी आपली काच खाली केली. हॉर्नच्या वर त्यांचा आवाज गेला, यावरून शाळा किती मोठी होती याची कल्पना यावी. "ए," त्या म्हणाल्या, "सिग्नल सुटलाय. वर्गात जा."

तो माणूस खरोखरच गेला. गाडीत बसल्यावर आपण का आलो असं त्याला वाटलं असावं, पण तोवर मागचे सगळे हॉर्न वाजवायला लागले होते आणि त्याला निघावं लागलं.

या सगळ्या वेळात डॉक्टर मागून काहीतरी सांगत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते. त्यातला "फ्यूज" एवढा एकच शब्द तपासनीसांच्या कानावर पडला. त्यांनी गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगखालचं झाकण उपटून काढलं आणि फ्यूज ओढायला सुरुवात केली. पहिल्या फ्यूजने वायपर फिरायचे राहिले असते, पण ते फिरतच नव्हते. पुढच्याने रेडिओ गेला असता, तोही बंदच होता. तपासनीस संतापाने एकामागून एक फ्यूज उपटत आणि मांडीवर टाकत गेले. शेवटी हॉर्न थांबला. त्याआधी इंजिन थांबलं होतं.

त्या अचानक शांततेत डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. "फ्यूजला हात लावू नका, असं मी म्हणत होतो. बटण आत अडकलंय. नखाने जरा वर उचललं की सुटतं."

तपासनीस तावातावाने खाली उतरले आणि मांडीवरचे सगळे फ्यूज रस्त्यावर सांडले.

फ्यूज वेचले, पण कुठला कुठे बसायचा ते झाकणावरच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि डॉक्टरांचा चष्मा घरी होता. तपासनीसांनी स्वतः वाचून बसवायचं म्हटलं, तर बायको म्हणाली, "तुम्ही हात लावलात तर मी इथूनच पायी जाईन." तेव्हा गाडी ढकलत परत न्यायची ठरली. तपासनीस उघड्या दारातून एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलत होते. मागून बायको आणि डॉक्टर. सासूबाई आत बसलेल्या. त्यांना उतरवणं शक्य नव्हतं आणि त्यांची इच्छाही नव्हती.  वाटेत तपासनीसांच्या आतल्या आत वाफ धरत होती, आणि डॉक्टरांच्या फाटकातून गाडी आत गेली तशी ती फुटली.

त्यांनी डॉक्टरांसमोर उभं राहून सगळं ऐकवलं. ही गाडी नव्हे, सापळा आहे. पत्रा कुजलाय. स्टिअरिंग ढिलं आहे, त्यात खेळ आहे. टायर केव्हा फुटतील सांगता येत नाही. हॉर्नच जर असा, तर बाकीच्याचं काय विचारावं. अशी गाडी कुटुंबवत्सल माणसाला विकायला जीभ कशी रेटते. हिची जागा रस्त्यावर नाही, भंगारात आहे. एवढं झाल्यावर ते दम घ्यायला थांबले. इथे मालक भाव सांगतो आणि मग घासाघीस सुरू होते, असा त्यांचा अनुभव होता.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पायरीवर बसले.

"तुम्ही म्हणता ते पटलं मला," ते म्हणाले. "गाडी विकायची नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला नाही, कोणालाच नाही. उद्या भंगारवाल्याला बोलावतो. चाळीस वर्षं भूल दिली मी. शंका आली की ऑपरेशन थांबवायचं, एवढं एकच तत्त्व पाळलं. मला दिसत नाही हल्ली, म्हणून माझ्या लक्षात आलं नसेल. बरं झालं तुमच्यासारखा जाणकार आला." त्यांनी खिशातून फोन काढला आणि डोळ्यांजवळ धरून नंबर शोधायला लागले.

तपासनीसांनी बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाच्या पुढचं जे काही असतं ते होतं.

"आईकडे बघा," ती हळूच म्हणाली.

सासूबाईंनी सीटची पाठ थोडी कलती केली होती आणि डोळे मिटले होते. ऑपरेशनपासून कुठल्याही गाडीत त्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. ती आत्ता नव्हती.

तपासनीस खाकरले. "तसं अगदी भंगारात घालायला नको," ते म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात."

"बोलण्याच्या भरात म्हणालो."

"गंज आहे ना?"

"गंज प्रत्येक प्रामाणिक गाडीला असतो," तपासनीस म्हणाले. "तो दिसत नसेल तर समजावं, वरून रंग मारलाय."

"आणि स्टिअरिंगमधला खेळ?"

"थोडा खेळ हवाच. नाहीतर चालवणारा वेडा होईल."

"टायर?"

"टायर बदलता येतात हो, टायर म्हणजे काय गाडी आहे का?" तपासनीसांचा आवाज पुन्हा चढायला लागला. आपलेच मुद्दे दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती बिनबुडाचे आहेत, हे त्यांना प्रथमच जाणवत होतं आणि त्याचा त्यांना भयंकर संताप येत होता. त्यांनी डॉक्टरांना इंजिनापाशी नेलं आणि ते किती स्वच्छ आहे ते ओरडून सांगितलं. ब्रेक किती चोख आहेत ते सांगताना डोक्यावरचं टेंगूळ दाखवलं. असली गाडी भंगारात घालायला निघालेल्या माणसाला काही काळीज आहे की नाही, असंही विचारलं.

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग रुग्णाला विचारावं तसं जवळ येऊन विचारलं, "मला एवढंच सांगा. मघाशी खोटं बोलत होतात, की आत्ता बोलताय?"

बायको दोन पावलं पुढे आली. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

सगळ्या नोकरीत तपासनीसांनी एकदा काढलेला दोष कधी मागे घेतला नव्हता. मोठमोठे बिल्डर हात जोडून गेले होते, तरी नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं.

"मघाशी," ते म्हणाले.

तरी डॉक्टरांचं समाधान झालं नाही. नातेवाइकांचं काय ऐकायचं, ज्याला टेबलावर घ्यायचं त्याला विचारायला हवं, असं म्हणून ते सासूबाईंच्या खिडकीशी गेले आणि यात जोखीम आहे हे त्यांना समजलंय का, असं विचारलं.

सासूबाईंनी एकच डोळा उघडला. "जोखीम सगळी जावयाच्या जिभेत आहे, डॉक्टर. गाडीत नाही," त्या म्हणाल्या आणि डोळा मिटून घेतला.

मग डॉक्टरांनी आतून चष्मा आणला आणि फ्यूज एकेक करून जागेवर बसवले. हॉर्नचं बटण चमच्याच्या टोकाने उचललं, ते टिचकीसारखं सुटलं. गाडी आजच घेऊन जा, कागदांचं या आठवड्यात बघू, असं ते म्हणाले. निघता निघता त्यांनी तपासनीसांचा हात हातात घेतला.

"तुमचे आभार मानायला हवेत," ते म्हणाले. "गंज, रंग, टायर असं सगळं धरून मी मनात भाव बराच खाली आणला होता. पण तुम्ही जाणकार माणूस, तुम्हीच दोष नाहीत म्हणताय, तर मग जाहिरातीतलाच भाव ठेवू. नाहीतर तुम्हालाच वाटायचं, हा काहीतरी लपवतोय."

तपासनीसांनी तोंड उघडलं.

"बरोबर आहे, डॉक्टर," बायको म्हणाली. "जाहिरातीतलाच."

गाडी तिने चालवायची हे कोणी ठरवलं नाही, ती सरळ जाऊन स्टिअरिंगमागे बसली. डिकीत डॉक्टरांनी गाडीचं कव्हर, जॅक, पाण्याचे डबे आणि कित्येक वर्षं जपलेलं बाकीचं सामान भरून दिलं. डिकीत न मावलेले दोन टायर बायकोच्या मागच्या जागेवर ठेवले. उरली सासूबाईंच्या मागची जागा. तपासनीसांनी गाडीचं सगळं पाहिलं होतं, वरून, खालून, आतून. मागच्या सीटवर ते एकदाही बसले नव्हते.

आता त्यांनी दार उघडलं. सासूबाईंची सीट पार मागे सरकलेली होती आणि पाठ कलती होती. ती आणि मागची सीट यांच्यामध्ये एखादं वर्तमानपत्र उभं ठेवता आलं असतं. तपासनीस उंच होते. त्यांनी आधी एक पाय आत घातला, मग तो काढून दुसरा घातला. मग पाठीने आत शिरून बघितलं. शेवटी दोन्ही गुडघे कानांशी घेऊन, टायरला मिठी मारून ते कसेबसे मावले. दार डॉक्टरांनी बाहेरून ढकलून लावलं. सीट जरा पुढे घ्या असं सांगायला तपासनीसांनी मान उचलली, तेव्हा आरशात बायकोचे डोळे दिसले.

गाडी फाटकाबाहेर पडली. संध्याकाळचा वारा खिडकीतून येत होता. सासूबाईंनी पाय आणखी थोडा लांब केला. आज एवढ्या लवकर घरी जाऊन काय करायचं, तळ्यापर्यंत एक चक्कर मारू या, असं त्यांनी सुचवलं. बायको हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आणि तिने गाडी तळ्याच्या रस्त्याला लावली.

"जावईबापू," थोड्या वेळाने सासूबाईंनी विचारलं, "मागे बसलात ना नीट?"

उत्तर गुडघ्यांच्या मधून आलं.

"हो, आई," तपासनीस म्हणाले. "भरपूर जागा आहे."